१९८७ चे न्यूट्रिनो वेगळे

न्यूट्रॉन ताऱ्यांपासून (कोसळलेल्या ताऱ्यांचे अतिदाट अवशेष) उच्च ऊर्जेचे न्यूट्रिनो (पदार्थातून सहज आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण) येतात का, हा प्रश्न १९८७ च्या सुपरनोव्हाचे (ताऱ्याच्या स्फोटाचे) न्यूट्रिनो पकडले तेव्हाच मिटला, असं कुणीतरी म्हटलंय. नाही पटलं. ते जेमतेम दोन डझन कण तारा कोसळतानाच्या उष्णतेतून आले, ऊर्जा काही कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. उच्च ऊर्जेसाठी आधी प्रोटॉनला वेग मिळून तो फोटॉनवर (प्रकाशकणावर) किंवा वायूवर आदळायला हवा. त्यातून पायॉन हा अल्पायुषी कण निघतो आणि त्याच्या विघटनातून न्यूट्रिनो.

आमच्या इंदूरच्या कॅटमध्ये (प्रगत तंत्रज्ञान केंद्र; नाव बदललं, पण आम्ही कॅटच म्हणतो!) इंडस-२ या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात इलेक्ट्रॉन अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत जातात. आईसक्यूब या दक्षिण ध्रुवावरच्या न्यूट्रिनो वेधशाळेने पकडलेल्या काही न्यूट्रिनोंची ऊर्जा त्याच्या चार लाख पट! आणि २०१७ साली दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, तेव्हा तिथून आईसक्यूबला एकही मिळाला नाही.