मदत हवी आहे : पॅनमध्ये भडका होतो, नळीतला बार उडत नाही (फ्लिंटलॉक)

गारगोटी (धागाकर्ता)
लवकर उत्तर हवं आहे. ठासणीची (तोंडाकडून भरायची) रायफल, फ्लिंटलॉक (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी), .५० कॅलिबर (नळीचा व्यास अर्धा इंच). चाप ओढला की ठिणग्या व्यवस्थित पडतात, पॅनमधली (नळीबाहेरच्या छोट्या वाटीतली) दारू भक्कन पेटते आणि पुढे काहीच होत नाही. कधी उडालाच तर आधी ‘फुस्स’ आणि मग ‘ठो’, तोवर नेम हललेला असतो. हरणांच्या शिकारीचा हंगाम २६ डिसेंबरला उघडतो. त्याआधी मला ५० यार्डांवर कागदावर गोळ्या एका जागी पडलेल्या बघायच्या आहेत. गार बदलून झाली, नळी स्वच्छ आहे. अजून काय बघायचं राहिलं?

रानवाटा
नळीत दारू कुठली आणि किती? टच होल (पॅनमधून नळीत जाणारं भोक) केवढं? ब्रीच (नळीचं मागचं बंद टोक) सपाट आहे की मागे अरुंद चेंबर आहे? पॅच (गोळीभोवतीचं कापड) कसला, त्याला काय लावता? एवढं कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

सह्यकडा
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे. शिवाय ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. जाहीर धाग्यावर असं लिहिताना विचार करा, एवढंच सांगतो.

गारगोटी
मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे हरणांचा खास फ्लिंटलॉकचा हंगाम असतो, माझ्याकडे रीतसर लायसन्स आहे. कृपया प्रश्नावर बोला.

लोहारआळी
गार उलटी बसवून बघा. काही लॉकना धारेचा उतार वर चालतो, काहींना खाली. गार फ्रिझनला (ती आपटते त्या पोलादी पट्टीला) वरच्या तिसऱ्या भागात भेटली पाहिजे आणि खरवडत खाली आली पाहिजे. नुसती आपटली तर ठिणगी मरते. घोड्याच्या (गार धरणाऱ्या खटक्याच्या) जबड्यात चामड्याचा तुकडा घालताय ना? आणि कापलेला अगेट असेल तर फेकून द्या, हाताने फोडलेली काळी इंग्लिश गार आणा.

गारगोटी
ठिणग्या पडतात आणि पॅन दर वेळी पेटतं, हे वर लिहिलं आहे.

रानवाटा
बरोबर. पॅन पेटलं म्हणजे गार, फ्रिझन आणि स्प्रिंग यांचं काम तिथे संपलं. दोष पॅन आणि बार यांच्या मधल्या छोट्याशा वाटेत आहे, नाहीतर बारात. पुन्हा विचारतो, नळीत कुठली दारू?

गारगोटी
दुकानात मिळाली ती. काळ्या दारूला पर्याय असलेली, डब्यावर ‘मझललोडरसाठी’ असं लिहिलं आहे. ७० ग्रेन. पॅनमध्ये फोर-एफ (अगदी बारीक दाण्याची काळी दारू). गोळी .४९० इंच, पॅच .०१५ इंच. बाकी ठाऊक नाही, रायफल विकत घेतली तशीच आहे.

रानवाटा
मग कारण तेच. पर्यायी पावडरी पेटायला खऱ्या काळ्या दारूपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. पर्कशन कॅपची (घोड्याच्या फटक्याने पेटणाऱ्या टोपीची) ज्वाळा थेट आत घुसते आणि इनलाइनमधला (नव्या पद्धतीच्या ठासणीच्या रायफलीतला) प्रायमर तर त्याहून जोरदार असतो, म्हणून तिथे त्या चालतात. फ्लिंटलॉकमध्ये बाजूच्या बारीक भोकातून जेमतेम आच पोचते. खरी काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, तेवढ्यानेही पेट घेते. .५० ला थ्री-एफ (फोर-एफपेक्षा जरा जाड दाण्याची) घ्या. अमेरिकेत तिची गणना स्फोटकांत होते, साठवणीचे नियम कडक आहेत, म्हणून बरीच दुकानं ठेवत नाहीत आणि समोर असेल ते हातात देतात. ऑनलाइन मागवा. आणि धूररहित पावडर चुकूनही त्यात घालू नका, नळी फुटेल.

जुना नेमबाज
दारू बदलायची गरज नाही. टच होल मोठं करा. कारखान्यातून १/१६ इंचाचं येतं, ५/६४ चा ड्रिल फिरवा. माझ्या रायफलीत मी तेच केलं, त्यानंतर एकदाही अडली नाही.

रानवाटा
तुमच्या रायफलीत खरी काळी दारू होती, हे सांगायचं राहिलं! नव्या माणसाला पहिल्याच फटक्यात ड्रिल हातात देऊ नका. मोठं केलेलं भोक लहान होत नाही, लायनरच (भोकात बसवलेला धातूचा तुकडा) बदलावा लागतो. आधी दारू, मग पिकने (बारीक तारेने) भोक मोकळं आहे का ते बघणं, आणि ड्रिल अगदी शेवटी.

जुना नेमबाज
लायनर बदलणं काही फार मोठं काम नाही. असो. पॅन किती भरता? काठोकाठ भरून भोक झाकलं तर दारू वातीसारखी आधी जळत आत जाते, ‘फुस्स-ठो’ त्यानेच होतं. तिसरा हिस्सा पुरे. आणि भोकापासून लांब, पॅनच्या बाहेरच्या कडेला ठेवायची.

लोहारआळी
बाहेरच्या कडेला का म्हणून? भोकाच्या जवळ पण भोकाखाली, अशी ठेवली की ज्वाळा लवकर आत जाते. मी दोन्ही प्रकारे करून बघितलं आहे.

जुना नेमबाज
मीही बघितलं आहे.

गारगोटी
खरी दारू मागवतो. पण कालचा शेवटचा बार अजून नळीतच आहे, पॅन पुन्हा भरूनही उडाला नाही. तो आत ठेवून साफ कसं करायचं?

रानवाटा
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! रायफल घरात आहे? पॅनमधली दारू पूर्ण पुसून काढा, फ्रिझन उघडं ठेवा, घोडा खाली. पॅन रिकामं केलं की पेनसिल्व्हेनियाच्या शिकारीच्या नियमात ती रिकामी धरतात, पण आत दारू आणि गोळी आहेच. नळीच्या तोंडासमोर कोणी येता कामा नये, तुम्हीसुद्धा. आत फुंकायचं नाही, डोकावायचं नाही. तिच्यावर चिठ्ठी लावून ठेवा.

जुना नेमबाज
रेंजवर नेऊन उडवून टाका. पण आधी गज आत सोडून बघा, गोळी दारूला टेकलेली आहे का. गजावर भरलेल्या बाराची खूण केलेली असते तिच्याशी जुळवायचं. गोळी वर सरकली असेल तर तशी उडवायची नाही, मधल्या पोकळीने नळी फुगते. टेकलेली असेल तर पिकने भोक मोकळं करून त्यातून चिमूटभर फोर-एफ आत ढकला, पॅन भरा, निशाणावर धरून चाप ओढा. नाही उडाला तर पूर्ण एक मिनिट नळी तिकडेच रोखून धरायची. उशिरा पेटलेला बार खांद्यावरून खाली घेतल्यावर उडाला तर अनर्थ होतो.

लोहारआळी
सीओटू डिस्चार्जर घ्या. टच होलवर दाबला की गॅस गोळी बाहेर ढकलतो. तरीही नळी सुरक्षित दिशेलाच, गोळी चांगल्या वेगाने येते. गजाला स्क्रू लावून गोळी ओढायची झाली तर टच होलमधून सिरिंजने पाणी घालून दारू भिजू द्यायची, मग ओढायची. कोरड्या बारावर स्क्रू फिरवायचा नाही.

नदीकाठ
इतका त्रास घेऊन हरिण मारायचंच कशाला? कॅमेरा घेऊन जा.

लोहारआळी
हरणं बेसुमार वाढली की जंगलातली कोवळी रोपं शिल्लक राहत नाहीत. पेनसिल्व्हेनियात लांडगा नाही, संख्या राखायला शिकार हाच मुख्य उपाय आहे. आणि हा हंगाम मुद्दाम अवघड ठेवलेला आहे. १९७४ पासून चालू आहे, दुर्बीण चालत नाही, कॅलिबर .४४ च्या खाली नको. लँकेस्टर भागात जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात या लांब रायफली घडवायला घेतल्या, त्याच मुलखात त्याच पद्धतीने माणूस थंडीत जातो. एकच बार हातात असतो, म्हणून माणूस जवळ जातो आणि खात्री नसेल तर चाप ओढत नाही.

नदीकाठ
पटलं असं नाही, पण तुम्ही कळकळीने लिहिलंत.

गारगोटी
रेंजवर गेलो. गोळी टेकलेली होती, भोकातून फोर-एफ ढकलून दुसऱ्या खेपेला बार उडाला. काल थ्री-एफ आली. आता पॅन आणि बार एकाच आवाजात जातात, फरक ऐकू येत नाही! पण चार-पाच बारांनंतर पुन्हा रेंगाळतं, आणि गोळ्या डावीकडे पसरतात.

रानवाटा
रेंगाळणं काजळीमुळे. प्रत्येक बारानंतर किंचित ओला पॅच एकदा खाली-वर, मग कोरडा. पॅच चिंब ओला नको, पाणी ब्रीचमध्ये उतरतं. गार, फ्रिझन आणि पॅन पुसायचं. भरताना टच होलमध्ये पिक घालून ठेवा, बार ठासल्यावर काढा. तुमची ब्रीच मागे अरुंद असेल, अजून सांगितलं नाहीत, तर मळी तिथेच साठते. लहान कॅलिबरचा ब्रश लागेल. आणि घरून निघताना नळीत तेल राहू देऊ नका.

जुना नेमबाज
डावीकडे पसरतात ते भडक्याला दचकून. डोळ्याजवळ आग दिसली की खांदा आपोआप हलतो. गारेच्या जागी तेवढाच लाकडी तुकडा बसवा, रिकाम्या रायफलीवर रोज सराव करा. घोडा पडल्यावरही साइट निशाणावर धरून ठेवायची, मनात ‘एक’ म्हणेपर्यंत. आणि टच होलचं मी सांगितलं ते डोक्यात असू द्या.

गारगोटी
ब्रीच अरुंदच आहे, पिक आत घातली की कळतं. ब्रश कुठल्या कॅलिबरचा?

रानवाटा
.२२ चा बहुतेक जातो, घालून बघा. ब्रश लावायच्या आधी कोमट पाण्याने भिजवून घ्या.