वर्ख, मुलामा, पापुद्रा की पटल?

विचारणा (ऐरोली)

ठाण्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहून देण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. विषय आहे धातूचा अतिशय पातळ थर आणि त्यावर पडणारा प्रकाश. सोन्याची जाडी काही दशक नॅनोमीटरपर्यंत (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) उतरली की त्यातून प्रकाश आरपार जाताना दिसू लागतो, एवढेच पहिल्या वाक्यात सांगायचे आहे. परंतु त्या सोन्याला त्या अवस्थेत काय म्हणावे, इथेच गाडी अडली आहे. वर्ख, मुलामा, पापुद्रा, पत्रा, लेप आणि पटल असे सहा शब्द वहीत लिहून ठेवले आहेत. ‘पातळ फिल्म’ लिहून मोकळे व्हा, असे शाळेतील शिक्षकांचे म्हणणे आहे. पण फिल्म म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे आधी चित्रपट येतो, नाहीतर गाडीच्या काचेवरची काळी फिल्म येते, अशी मला धास्ती वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद (नौपाडा, ठाणे)

पत्रा आधीच बाद करावा, कारण जो वाजतो आणि ज्याला पोचा पडतो तो पत्रा. उरलेल्या शब्दांत मला एक भेद महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे ती वस्तू स्वतःच्या बळावर वेगळी उभी राहते की नाही. वर्ख हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थ पान असा आहे. तो ठोकून ठोकून केलेला असतो, कागदांच्या घडीत ठेवता येतो, नुसत्या श्वासाने उडतो आणि मिठाईला लावण्याआधीही तो वर्खच असतो. मुलाम्याचे तसे नाही. मुलामा नेहमी कशावर तरी असतो, आणि ज्यावर तो असतो ते बहुधा कमी मोलाचे असते, म्हणून त्या शब्दाला फसवणुकीचा किंचित वास चिकटला आहे. बेगडाचे हेच झाले. मखराला लावायचा तो निरुपद्रवी चकचकीत कागद, पण त्याच्यावरून निघालेले ‘बेगडी’ हे विशेषण आता माणसांनाच अधिक लावले जाते. तुमच्या फलकावर ‘सोन्याचा मुलामा’ असे लिहिले तर वाचणारे मूल प्रकाशाचा विचार करण्याऐवजी आत पितळ आहे की तांबे, असे विचारील.

वर्ख मात्र या विषयात अगदी हक्काचा शब्द आहे. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोने आणि प्रकाश यांच्या संबंधावर जे व्याख्यान दिले, त्यातील कितीतरी प्रयोग सोन्याच्या वर्खावरच केलेले होते. वर्ख उजेडासमोर धरला की तो समोरून पिवळा दिसतो, पण त्यातून आरपार येणारा प्रकाश हिरवा असतो. सोने निळा-जांभळा प्रकाश बऱ्याच प्रमाणात शोषते आणि पिवळा-तांबडा परत पाठवते, त्यामुळे पलीकडे पोहोचणाऱ्यात हिरव्याचा वाटा मोठा राहतो. फॅरेडे यांनी पुढे जाऊन काचेवर बसवलेला वर्ख तापवला, तेव्हा सोने वितळण्याच्या बरेच अलीकडे त्याची ती हिरवी झाक आणि चकाकी दोन्ही गेली. मग त्यावर अकीक नावाचा कठीण, गुळगुळीत खडा दाबून फिरवला तर दाबल्या जागी हिरवेपणा परत आला. सोने तेवढेच, फक्त त्याच्या कणांची मांडणी बदलली.

प्रतिसाद (रबाळे, नवी मुंबई)

मी काचेवर निर्वात पेटीत ॲल्युमिनियम चढवणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. आमच्याकडे सरळ ‘कोटिंग’ म्हणतात आणि मराठी शब्द काय, हा प्रश्न कोणाला पडत नाही. तरीही एक सांगणे भाग आहे, ते म्हणजे ‘पापुद्रा’ मुळीच लिहू नये. पापुद्रा म्हणजे जो सुटतो तो. पोळीला पापुद्रे सुटले तर स्वयंपाकाचे कौतुक होते, पण आमच्या काचेला सुटले तर सगळा माल परत येतो. चढवलेल्या धातूवर चिकटपट्टी घट्ट दाबून ती झटक्यात ओढायची आणि पट्टीबरोबर धातू निघून आला का ते पाहायचे, ही आमची रोजची चाचणी आहे. जे निघून येते त्याला आम्ही पापुद्रा म्हणतो. धातूची वाफ काचेवर अणू-अणूने बसते, त्यामुळे तुमचा वर्खही इथे चालणार नाही, कारण तो आधी तयार होतो आणि मग लावला जातो. लेपही नको. लेप हाताने लावतात आणि तो ओला असतो, चंदनाचा असो की मुलतानी मातीचा.

विचारणा करणाऱ्याकडून

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. म्हणजे ठोकून केलेल्यास वर्ख आणि काचेवर बसवलेल्यास पटल, असे दोन शब्द दोन जागी ठेवतो. ‘पटल’ मुलांना दृष्टिपटल आणि कर्णपटल यांमुळे ओळखीचे आहे, आणि सभागृहाच्या पटलाशी त्याचा गोंधळ होईल असे वाटत नाही. आता दुसरी अडचण. अशा पटलाला ‘अर्धपारदर्शक’ म्हणावे का? शिक्षकांचा आक्षेप असा की तेल लावलेला कागद आणि न्हाणीघराची खरबरीत काच यांना आपण अर्धपारदर्शक म्हणतो, मग एकच शब्द दोन्हीकडे कसा चालेल?

प्रतिसाद (नौपाडा, ठाणे)

शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे, पण माझ्या मते चूक तेलकट कागदाच्या बाजूची आहे. तेलकट कागदातून उजेड भरपूर येतो आणि तरीही पलीकडची वस्तू ओळखू येत नाही, कारण आत शिरलेला प्रकाश वाटेत विखुरतो. धातूच्या गुळगुळीत पटलातून याच्या नेमके उलटे होते. उजेड कमी येतो, पण जो येतो तो सरळ येतो, त्यामुळे पलीकडची वस्तू मंद दिसली तरी रेखीव दिसते. चांदीच्या आत शिरलेला दृश्य प्रकाश साधारण १२ ते १३ नॅनोमीटर पुढे जाईपर्यंत ३७ टक्क्यांवर येतो, पुढच्या तेवढ्याच अंतरात त्याच्याही ३७ टक्क्यांवर येतो, आणि असे करत करत १०० नॅनोमीटरपर्यंत जवळजवळ संपतो. यात विखुरणे कुठेच नाही, नुसते घटणे आहे. तेव्हा ज्यात रूप हरवते पण उजेड राहतो ते ‘पारभासक’, आणि ज्यात रूप राहते पण उजेड घटतो ते ‘अर्धपारदर्शक’, असा भेद करावा, आणि ‘अर्ध’ म्हणजे बरोबर पन्नास टक्के असा हट्ट धरू नये. हे दोन शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत. ते आपण समानार्थी करून टाकले, एवढीच आपली चूक.

याच ओघात ‘एकतर्फी काच’ या शब्दाविषयीही लिहितो, कारण तो तुमच्या फलकावर येणारच. तुमच्याच ऐरोलीतल्या आरशासारख्या काचांच्या इमारती पाहा. दुपारी रस्त्यावरून पाहिले तर त्यात आकाश आणि समोरची झाडे दिसतात. रात्री आत दिवे लागले की खुर्च्यांवर बसलेली माणसे दिसतात, आणि आतल्या माणसाला काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो. काच तीच आहे. पटलातून जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण दोन्ही दिशांनी सारखेच असते, फक्त ज्या बाजूला उजेड जास्त त्या बाजूचे परावर्तन पलीकडून येणाऱ्या क्षीण प्रकाशाला झाकून टाकते. म्हणून ‘एकतर्फी’ हे विशेषण काचेला न लावता उजेडाला लावावे लागेल, आणि ते जमणार नसेल तर शब्दच टाळावा.

प्रतिसाद (रबाळे, नवी मुंबई)

हे पटले. पूर्ण आरसा आणि अर्धा आरसा यांत आमच्याकडे धातू तोच असतो, यंत्र तेच असते, फरक असतो तो चढवणे कधी थांबवायचे याचा. एक शंका मात्र आहे. पहिल्या पावसात ठाणे-बेलापूर रस्त्यावर डबक्यांत तेलाचे रंग दिसतात, तेही पातळ थरामुळेच ना? मग त्यालाही पटलच म्हणायचे का?

प्रतिसाद (नौपाडा, ठाणे)

त्याला मराठीत ‘तवंग’ हा इतका नेमका शब्द आहे की तो सोडून पटलाकडे जाण्याचे कारण नाही. तवंगाचे रंग तेलाच्या अंगचे नसतात. वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि जाडीप्रमाणे एखादा रंग उठून दिसतो. त्याला व्यतिकरण म्हणतात. धातूच्या पटलात खालच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश वाटेतच शोषला जातो, त्यामुळे तिथे इंद्रधनुष्य दिसत नाही आणि धातूची स्वतःची झाक तेवढी दिसते. मात्र लोहाराकडे पोलाद तापवताना ते आधी गवतासारखे पिवळे आणि ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळे पडते, तो रंग धातूचा नसून वर धरलेल्या ऑक्साइडच्या पारदर्शक थराचा असतो. म्हणजे धातूवर चढलेला तो एक घट्ट तवंगच म्हणायचा. शब्दकोशात हा अर्थ सापडणार नाही, पण मुलांना तो चटकन कळेल.

विचारणा करणाऱ्याकडून

फलकाचे वाक्य आता असे केले आहे: ‘सोन्याचा वर्ख आपल्याला पिवळा दिसतो, परंतु उजेडासमोर धरला की त्यातून येणारा प्रकाश हिरवट असतो, काचेवर बसवलेले धातूचे पटल पुरेसे पातळ असेल तर ते अर्धपारदर्शक असते.’ शेवटचा प्रश्न आरशाच्या फलकाचा आहे. ‘आरशाचा पारा उडाला’ असे आपण सर्रास म्हणतो. कथील आणि पारा यांचा थर असलेले जुने आरसे मागे पडून फार काळ लोटला, १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी काचेवर चांदी बसवण्याची रासायनिक रीत दिली, आणि आज मागे चांदी किंवा ॲल्युमिनियम असते. मग पारा हा शब्द चुकीचा ठरवून खोडावा का?

प्रतिसाद (रबाळे, नवी मुंबई)

खोडू नका. आमच्या कारखान्यात पाऱ्याचा थेंबही येत नाही, तरी काचेच्या कडेला काळे डाग धरले की सगळ्यात जुना कारागीर ‘पारा गेला’ असेच म्हणतो आणि सगळ्यांना कळते.