इशारा लिहिला, वरिष्ठांनी वाचला, तरी समजला नाही: धोरणात्मक संवाद शिकायचा कसा?

मूळ प्रश्न

नमस्कार. मी नऊ वर्षे संगणक प्रणालींच्या देखभालीचे काम करते आणि गेल्या वर्षापासून एका लहान टीमची जबाबदारी माझ्याकडे आहे. यंदाच्या वार्षिक मूल्यमापनात माझ्या तांत्रिक कामाविषयी चांगला शेरा मिळाला. परंतु त्याखालीच ‘स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन सुधारणे आवश्यक’ असे लिहिलेले होते. याचा नेमका अर्थ काय, असे विचारल्यावर ‘वरच्यांना काय हवे ते ओळखून बोलायला शिका’ एवढेच उत्तर मिळाले, आणि त्यातून मला काही उलगडले नाही.

या शेऱ्यामागचा प्रसंग सांगते. नव्या प्रणालीकडे जाण्याच्या तयारीत असताना माझ्या लक्षात आले, की आपण रोज बॅकअप घेतो खरा, पण त्या बॅकअपमधून डेटा परत आणून कोणीही पाहिलेला नाही. मी तसा सविस्तर ईमेल लिहिला. अकरा परिच्छेद होते. कामाची प्रगती, अडचणी, मनुष्यबळ असे सगळे क्रमाने मांडले होते आणि नवव्या परिच्छेदात हे वाक्य होते: ‘बॅकअपमधून डेटा पुनर्स्थापित करण्याची प्रक्रिया अद्याप पूर्णपणे तपासली गेलेली नसल्याने, शक्य झाल्यास त्याबाबत योग्य वेळी विचार व्हावा, असे वाटते.’

दीड महिन्याने सर्व्हर बंद पडला, बॅकअपमधून डेटा पूर्ण परत आला नाही आणि संपूर्ण टीमने चार दिवस हाताने नोंदी भरल्या. ‘हे आधी का सांगितले नाही?’ असे विचारले गेले, तेव्हा मी तो ईमेल दाखवला. माझ्या वरिष्ठांनी तो शांतपणे पुन्हा वाचला आणि म्हणाले, ‘लिहिले आहे हे खरे, पण हे वाचून मी काही करावे, असे मला कुठेच वाटले नाही.’ ते वाक्य अजून मनातून जात नाही. दोष माझा की वाचणाऱ्याचा, हा वाद मला घालायचा नाही. हे कौशल्य खरोखर शिकता येते का, आणि येत असेल तर सुरुवात कोठून करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

आपण मूळ वाक्य जसेच्या तसे दिलेत, हे फार चांगले केलेत, कारण सगळे उत्तर त्या एका वाक्यात आहे. ते जरा जवळून पाहू.

‘तपासली गेलेली नसल्याने’ यात कोणी तपासली नाही, हे नाही. ‘विचार व्हावा’ यात विचार कोणी करायचा, हे नाही. ‘शक्य झाल्यास’ म्हटल्याबरोबर काम ऐच्छिक झाले आणि ‘योग्य वेळी’ म्हटल्यावर तारीखही गेली. शेवटी ‘असे वाटते’ जोडल्यामुळे नऊ वर्षांच्या अनुभवावर आधारलेला निष्कर्ष केवळ एक मत होऊन बसला. ही आपली एकट्याची चूक नव्हे. कार्यालयीन मराठीत आपण सगळेच ‘करण्यात यावे’, ‘घेण्यात आला’, ‘विचाराधीन आहे’ अशा कर्ता नसलेल्या वाक्यांवर वाढलो आहोत. अशी वाक्ये नम्र वाटतात, कोणाला दुखवत नाहीत, आणि म्हणूनच ती कोणाला जागचे हलवतही नाहीत.

आता तोच मजकूर असा लिहून पाहू: ‘आपल्या बॅकअपमधून डेटा परत मिळतो का, याची चाचणी आम्ही आजवर एकदाही घेतलेली नाही. आज सर्व्हर बंद पडला, तर डेटा परत मिळेल याची खात्री मी देऊ शकत नाही. चाचणीसाठी दोन माणसे दोन दिवस लागतील. येत्या शुक्रवारपर्यंत आपली मंजुरी हवी आहे. ती मिळाली नाही, तर नवी प्रणाली सुरू करण्याची तारीख पुढे न्यावी, अशी माझी शिफारस आहे.’ यात एकही कठोर शब्द नाही. तरी वाचणाऱ्याला हो किंवा नाही म्हणावेच लागते आणि नाही म्हटल्यास त्याचे काय होईल, हेही त्याला समजते.

धोरणात्मक संवाद या भारदस्त शब्दांचा माझ्या दृष्टीने एवढाच अर्थ आहे: लिहायला बसण्यापूर्वी ‘कोणाकडून, कोणता निर्णय, कधीपर्यंत’ हे स्वतःशी ठरवणे आणि मग मजकुराची सगळी मांडणी त्या निर्णयाच्या सोयीने करणे. मॅकिन्झी या सल्लागार संस्थेत काम करताना बार्बरा मिंटो यांनी अहवालांसाठी जी पिरॅमिडसारखी मांडणी विकसित केली, तिचा गाभा हाच आहे. निष्कर्ष सर्वांत वर, त्याखाली त्याला आधार देणारी मोजकी कारणे आणि प्रत्येक कारणाखाली त्याचे पुरावे. तांत्रिक माणसे बरोबर उलट क्रमाने लिहितात, कारण आपण ज्या क्रमाने शोध घेतला त्याच क्रमाने सांगावे, असे आपल्याला प्रामाणिकपणाचे वाटते. वाचणाऱ्याला मात्र शोधाचा प्रवास नको असतो. त्याला पुढे काय करायचे, ते हवे असते. प्रवासाचा तपशील सोबतच्या जोडपत्रात द्यावा, ज्याला हवा तो उघडून पाहील.

सरावाची एकच पद्धत सांगतो. ईमेल लिहून झाल्यावर त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य शोधा, ते उचलून पहिल्या ओळीत ठेवा आणि विषयाच्या रकान्यात ‘प्रगती अहवाल’ऐवजी ‘शुक्रवारपर्यंत निर्णय हवा: बॅकअपची चाचणी’ असे लिहा. महिनाभर एवढेच केलेत, तरी उत्तरे येण्याच्या वेगात फरक दिसेल.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. त्यात एक उदाहरण जोडावेसे वाटते, कारण हा प्रश्न केवळ शैलीचा नाही.

जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान उड्डाण करत असताना इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास करून नासाच्या अधिकाऱ्यांपुढे प्रेझेंटेशन ठेवले. त्यातील एका स्लाइडचे शीर्षक वाचल्यावर, चाचण्यांच्या माहितीनुसार पुरेशी सुरक्षित बाजू आहे, असाच समज होत होता. त्या स्लाइडच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, मुद्द्याच्या आतल्या मुद्द्यात मात्र असे होते, की प्रत्यक्ष आदळलेल्या तुकड्याचे आकारमान अंदाजे १,९२० घन इंच आहे आणि चाचणीतील तुकड्याचे ३ घन इंच. म्हणजे प्रत्यक्ष तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा होता आणि शीर्षकातील दिलाशाला मुळात आधारच नव्हता. त्याच स्लाइडवर ‘लक्षणीय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द पाच वेळा आला होता आणि प्रत्येक वेळी तो नेमके किती, हे सांगत नव्हता. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान विखुरले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघात चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली. ती वाचणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला हा जिवावरचा प्रसंग आहे हे कळले नसावे, हे सहज समजण्यासारखे आहे, असे मंडळाने म्हटले.

माहिती दडवली गेली नव्हती. ती लिहिलेली होती, अगदी आपल्या नवव्या परिच्छेदासारखी. म्हणून माझ्या टीममध्ये मी एक नियम केला आहे: केवळ शीर्षके वाचणाऱ्या माणसालाही खरा धोका कळला पाहिजे. प्रेझेंटेशन पाठवण्यापूर्वी आम्ही सगळी शीर्षके वेगळ्या कागदावर उतरवून सलग वाचतो. त्यात जर दिलासा असेल आणि तळाच्या ओळींत काळजी असेल, तर ते प्रेझेंटेशन परत जाते.

शब्दांच्या निवडीविषयीही लिहितो. २५ जानेवारी १९९० रोजी आव्हियांका कंपनीचे ५२ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळले आणि ७३ जणांचा बळी गेला. तासाहून अधिक काळ ते हवेत घिरट्या घालत ठेवले गेले होते. वैमानिकांनी नियंत्रकांकडे ‘प्राधान्य’ मागितले होते, इंधन संपत आल्याचेही सांगितले होते. परंतु ‘आणीबाणी’ हा ठरलेला शब्द त्यांनी उच्चारला नाही. नियंत्रकांची ठरावीक कार्यपद्धती तो शब्द ऐकल्यावर सुरू होते. बोलणाऱ्याच्या मनात दोन्ही शब्दांचा अर्थ एक असेलही, ऐकणाऱ्याच्या व्यवस्थेत तो एक नव्हता. प्रत्येक कार्यालयात असे काही शब्द असतात, ज्यांच्यामुळे पुढची यंत्रणा हलते. कोठे ‘जोखीम नोंदवही’त नोंद केल्याशिवाय कोणी पाहत नाही, कोठे ‘काम थांबवत आहे’ म्हटल्याशिवाय. आपल्याकडे तो शब्द कोणता, हे आधी शोधून ठेवा.

तिसरा प्रतिसाद

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. वरील चर्चेत सगळा भार लिहिणाऱ्यावर टाकला जात आहे. नवव्या परिच्छेदापर्यंत पोहोचून ‘हे काय आहे?’ असा एक फोन करणे वरिष्ठांनाही अवघड नव्हते. जेथे वाईट बातमी आणणाऱ्याला आधी झाडले जाते, तेथे माणसे ‘शक्य झाल्यास’ आणि ‘योग्य वेळी’ असेच लिहायला शिकतात, आणि हे शब्द त्यांच्या भित्रेपणातून येत नाहीत, अनुभवातून येतात. त्यामुळे ज्यांच्याकडे अधिकार आहेत त्यांनी आपल्या टीमचे ईमेल वाचताना अशा गुळमुळीत वाक्यांवर थांबून प्रश्न विचारला पाहिजे. धोरणात्मक संवादाचा अर्धा भाग ऐकणे आहे.

तरीही आपल्या हाती काय आहे, असे विचाराल, तर ‘मी सांगितले’ आणि ‘त्यांना कळले’ यांतील अंतर मोजण्याची सवय लावून घ्या. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला होता. काही जणांनी परिचित गाण्यांची लय टेबलावर बोटांनी वाजवायची आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल चालू असते, समोर मात्र नुसती टकटक पोहोचते. बॅकअप या शब्दामागचा सगळा धोका आपल्या डोक्यात चाल होऊन वाजत होता.

म्हणून महत्त्वाचा ईमेल पाठवल्यानंतर मी दहा मिनिटांसाठी प्रत्यक्ष भेटते किंवा फोन करते आणि ‘समजले का?’ असे विचारत नाही, कारण त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘तुम्ही हे तुमच्या वरिष्ठांना कसे सांगाल?’ असे विचारते. ते आपल्या शब्दांत सांगू लागले, की काय पोहोचले आणि काय वाटेत गळाले, ते लगेच दिसते. बैठकीत मोठा निर्णय मागायचा असेल, तर आदल्या दिवशी संबंधितांना एकेकटे भेटून त्यांचे आक्षेप ऐकून घ्यावेत, असाही माझा आग्रह आहे. काहींना हे राजकारण वाटते. मला वाटत नाही, कारण चारचौघांत अचानक प्रश्न टाकला, की माणूस विचार करण्याऐवजी आपली बाजू सावरू लागतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल मी गेल्या तीन महिन्यांतले माझे ईमेल काढून बसले आणि ‘व्हावे’, ‘वाटते’, ‘शक्यतो’ हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित केले. काही पाने जवळजवळ करडी झाली.

एक अडचण मात्र उरते. मला स्वतःलाच जेव्हा पूर्ण खात्री नसते, तेव्हा ठामपणे लिहिणे खोटेपणाचे वाटते. सर्व्हर बंद पडेलच, असे मी तेव्हाही म्हणू शकले नसते. अनिश्चितता प्रामाणिकपणे सांगायची आणि तरीही वाक्य बोथट होऊ द्यायचे नाही, हे कसे जमवावे?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

प्रश्न अगदी योग्य आहे. ठाम असणे आणि खात्री असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खात्री किती आहे, हेच ठामपणे सांगता येते.

अमेरिकेच्या गुप्तचर विश्लेषकांमध्ये शर्मन केंट यांचे नाव मोठे आहे. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असे त्यांच्या कार्यालयाने एका अहवालात लिहिले. एका अधिकाऱ्याने सहज विचारले, की म्हणजे नेमकी किती? केंट यांच्या मनात १०० पैकी ६५ असे प्रमाण होते. ते ऐकून तो अधिकारी चकित झाला, कारण त्याने शक्यता बरीच कमी धरली होती. मग केंट यांनी तोच अहवाल तयार करणाऱ्या सहकाऱ्यांना विचारले, तर कोणाच्या मनात २० टक्के होते, कोणाच्या ८०. सर्वांनी मिळून संमत केलेल्या एका वाक्याचे इतके निरनिराळे अर्थ होते. तेव्हापासून अशा शब्दांना आकड्यांची जोड देण्याचा आग्रह त्यांनी धरला.

आपल्या बाबतीत मी तीन गोष्टी वेगळ्या लिहीन: काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि ते माहीत करून घ्यायला काय लागेल. ‘सर्व्हर या महिन्यात बंद पडेल, असे मला वाटत नाही; माझ्या अंदाजाने ती शक्यता १० टक्क्यांच्या आत आहे. मात्र तो बंद पडला, तर डेटा परत मिळेल की नाही, हे आज कोणालाही सांगता येणार नाही आणि ते कळायला दोन दिवसांची चाचणी पुरेल.’ १० टक्के हा आकडा चुकू शकतो आणि आपण तो अंदाज म्हणूनच लिहिला आहे. पण त्यावर कोणी ‘१० का, ३० का नाही?’ असे विचारले, की आपल्याला हवी असलेली चर्चा सुरू झालेली असते, आणि तीही सर्व्हर बंद पडण्याच्या आधी.