हुकूमशाही सरकारं निर्बंधांनी झुकतात की बोलणी करून?

सांजवात:
म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हापासून अमेरिका आणि युरोपियन युनियन एकामागून एक निर्बंध लावतायत, आणि आसियानवाले (आग्नेय आशियातल्या देशांची संघटना) तिथल्या जनरल लोकांशी बोलणी करतायत. त्याच एप्रिलमध्ये हिंसा थांबवा, सगळ्यांशी बोला अशी पाच कलमी सहमती झाली ती लष्कराने सरळ धाब्यावर बसवली. निर्बंधांनी सामान्य माणूसच भरडला जातो म्हणतात, पण नुसत्या बोलण्यानेही काही हलताना दिसत नाही. मग अशा सरकारांवर नक्की कशाचा दबाव येतो?

खडूफळा:
निर्बंधांचाच. वर्णभेदी राजवटीतली दक्षिण आफ्रिका बघा ना. भारताने १९४६ मध्येच व्यापार तोडला होता पण एकट्याने काय होणार. खरा दणका १९८५ ला बसला, चेस मॅनहॅटन या अमेरिकी बँकेने कर्जाची मुदत वाढवून द्यायला नकार दिला, बाकीच्या बँका तिच्या मागे गेल्या, तिथलं चलन रँड कोसळलं आणि सरकारला परतफेडच थांबवावी लागली. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन इतकी वर्षं गोडीगुलाबीने घेत होते त्याने काय साधलं? शेवटी १९८६ ला अमेरिकी संसदेने त्यांचा व्हेटो झुगारून निर्बंधांचा कायदा केला. १९९० ला मंडेला सुटले.

निरंजना:
आणि इराक? ऑगस्ट १९९० पासून जवळपास सगळा व्यापार बंद, पाण्याच्या शुद्धीकरणाचं सामान आणायचं तरी परवानगी, लहान मुलांचे अतोनात हाल. रेशन सद्दामच्याच सरकारच्या हातात, म्हणजे पोटासाठी माणूस त्याच्यावरच जास्त अवलंबून. युनोच्या तिथल्या मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ ला हे सहन न होऊन राजीनामा दिला, त्यांच्या जागी आलेले फॉन स्पोनेकही २००० मध्ये गेले. सद्दाम मात्र २००३ च्या युद्धापर्यंत खुर्चीवर होता. ज्यांच्यासाठी हे करतोय म्हणता त्यांनाच उपाशी मारायचं, हे मला मान्यच नाही.

पाऊलखुणा:
निरंजना, पटतंय. पण या दोन्हीत मोठा फरक आहे. दक्षिण आफ्रिकेत निर्बंध लावा असं एएनसी (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, मंडेलांची वर्णभेदविरोधी संघटना) स्वतः जगाला सांगत होती. आणि तिथल्या सरकारला गोऱ्या मतदारांची, उद्योगपतींची पर्वा करावी लागायची, १९८५ मध्येच काही बडे उद्योगपती झांबियात जाऊन एएनसीच्या नेत्यांना भेटले. सद्दामला कोणाची पर्वा होती? शिवाय सोव्हिएत युनियन ढासळत होतं, ते धरलं नाही तर १९९० चा हिशोब अर्धवटच राहतो.
बोलणी फुकट जातात असंही नाही हां. पश्चिमी देश आणि सोव्हिएत गट यांच्यातल्या १९७५ च्या हेलसिंकी करारात मानवी हक्कांचं कलम होतं, सोव्हिएत गटाने सही केली कारण त्यांना सीमांना मान्यता हवी होती. चेकोस्लोव्हाकियातल्या चार्टर ७७ या हक्कांसाठीच्या चळवळीवाल्यांनी तीच सही सरकारच्या तोंडावर धरली. आतल्या लोकांच्या हातात काहीतरी पडलं म्हणून ती बोलणी कामाला आली.

सांजवात:
मग म्यानमारमध्ये काय करावं तुमच्या मते?

पाऊलखुणा:
लष्कराचा पैसा आणि विमानाचं इंधन, हे दोन धरायचे. गॅसमधून परकीय चलन येतं, युरोपने फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या सरकारी तेल-वायू कंपनीवर निर्बंध लावले ते योग्यच होतं. पण कपड्यांच्या कारखान्यांवर सरसकट बंदी नको, तिथे लाखो पोरी काम करतात. आणि बोलायचंच असेल तर फक्त जनरलांशी कशाला, त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या राष्ट्रीय एकता सरकारशी आणि वांशिक संघटनांशीही बोला.

निरंजना:
एवढं नेमकं असेल तर माझा विरोध नाही. फक्त औषधांचे पैसे अडकू नयेत हे बँकांना आधीच लेखी द्या, कागदावर सूट असली तरी बँका घाबरून व्यवहारच करत नाहीत, इराणमध्ये तेच झालं.