मदत हवी आहे: पोस्टग्रेसमध्ये टेबल ट्रंकेट झालं, हिस्टरीत ओळी आल्याच नाहीत

नमस्कार. मी नाशिकचा, दिंडोरीकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर एकटाच सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस 14.

फवारणीच्या नोंदींचं टेबल आहे: प्लॉट, औषध, मात्रा, तारीख. युरोपला माल पाठवायचा तर कुठल्या प्लॉटवर काय मारलं आणि काढणीच्या किती दिवस आधी, हे दाखवावं लागतं. म्हणून नोंद बदलली किंवा उडवली की जुनी ओळ हिस्टरी टेबलात जाईल असा ट्रिगर लावला होता. अपडेट आणि डिलीटनंतर, प्रत्येक ओळीसाठी.

काल मंगळवारी चाचणीच्या डेटाबेसऐवजी खऱ्यावर ट्रंकेट (टेबल एका झटक्यात रिकामं करणारी आज्ञा) चाललं. हिस्टरी आहे म्हणून धीर होता. पण तिथे फक्त कधीतरी दुरुस्त केलेल्या नोंदींच्या जुन्या ओळी आहेत. पहिल्याच वेळी बरोबर भरलेल्या, म्हणजे बहुतेक सगळ्या नोंदींचा मागमूस नाही! शेतकऱ्यांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे, फार काळजी वाटतेय.

रविवार रात्रीचा डंप (डेटाबेसची बॅकअप प्रत) आहे. वॉल आर्काइव्ह (प्रत्येक बदलाचा लॉग साठवून ठेवणं) चालू नव्हतं. काही परत मिळेल का? पुढे डिलीट वापरलं तर हिस्टरी पूर्ण राहील का?

प्रतिसाद

ट्रंकेट ओळी एकेक करून उडवत नाही, त्यामुळे ओळीवरचा डिलीट ट्रिगर चालतच नाही. बिगिन करून (ट्रान्झॅक्शन उघडून) चालवलं असतं तर कमिटआधी, म्हणजे बदल पक्का होण्याआधी, रोलबॅक करून मागे घेता आलं असतं. आता तो मार्ग बंद आहे. डंप वेगळ्या डेटाबेसात चढवा, मूळ टेबलाला इतक्यात हात लावू नका. रविवारनंतर दुरुस्त झालेल्या नोंदी हिस्टरीशी ताडून पाहा. त्यांची शेवटची दुरुस्ती मात्र हिस्टरीतही नसेल.

डिलीटने प्रत्येक ओळ हिस्टरीत जाईल, वेळ जास्त लागेल इतकंच. ट्रंकेटसाठी वेगळा ट्रिगर लावता येतो, पण तो 'बिफोर'च हवा, 'आफ्टर'ला टेबल रिकामं असतं. त्यात ओल्डमध्ये (ओळीवरच्या ट्रिगरला जुनी ओळ जिथे मिळते तिथे) काही मिळत नाही, सगळं टेबल सिलेक्ट करून हिस्टरीत टाकावं लागतं. आणि ॲपचं लॉगिन टेबलाचं मालक ठेवू नका. ट्रंकेटची परवानगी डिलीटपेक्षा वेगळी असते, ती देऊच नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. डंप चढवला, रविवारपर्यंतचं सगळं आहे. सोमवार-मंगळवारच्या नोंदी सुपरवायझरच्या वहीवरून भरतोय. ॲप आजवर मालकाच्याच लॉगिनने चालत होतं, ते आधी बदलतो.