सेमिस्टर गेलं पण डॉक्टरच व्हायचंय : बडोदेकरांनो, तुमचे अनुभव लिहा

माझ्या मामेबहिणीला बीएस्सीच्या पहिल्याच सेमिस्टरला दोन विषयांत एटीकेटी लागलीय (म्हणजे नापास, ते पेपर परत द्यायचे), आणि मेमध्ये नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्यायचीय. चार दिवस झाले दांडिया बाजारच्या घरी ती धड जेवत नाहीये, मामी रोज मला फोन करते आणि मी कॉमर्सवाला, काय सांगणार. यातून गेलेल्यांनी प्लीज लिहा. उपदेश नको, तुम्ही काय केलंत तेवढं सांगा.

रावपुऱ्याची
दादा, माझं अगदी हेच झालं होतं. सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी क्लास, रात्री जर्नल, आणि शेवटी फिजिक्स-मॅथ्स दोन्ही गेले. घरी सांगितलंच नाही, एटीकेटीच्या फॉर्मचे पैसे कामाठीबागेत बसून मैत्रिणीकडून उसने घेतले. मला वाटायचं आता ही मार्कशीट बघून मेडिकलवाले दारातही उभं करणार नाहीत. मग एका सिनियर ताईने सांगितलं की अगं, नीटला बारावीचं फिजिक्स-केमिस्ट्री-बायो बघतात, जनरलला 50 टक्के, बीएस्सीचे मार्क कुठेच धरत नाहीत. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी झोपले.
मग बीएस्सी फक्त पास होण्यापुरतं ठेवलं. नीटच्या 720 पैकी 360 मार्क एकट्या बायोचे, आणि मी "ते येतंच" म्हणून बायो सोडून दिवसभर फिजिक्सला घाबरत बसायचे! चुकांची एक वही केली : माहीत नव्हतं, प्रश्न चुकीचा वाचला, तुक्का मारला. एका टेस्टमध्ये माझे 22 तुक्के चुकले, म्हणजे 22 मार्क नुसते कापले गेले. तुक्के बंद केले तेव्हा स्कोअर हलला. त्या वर्षी सीट नाही मिळाली, पुढच्या वर्षी मिळाली. आता सेकंड इयर एमबीबीएसला आहे.

एक बाबा
मुलाची मार्कशीट मला स्कूटरच्या डिकीत सापडली, सर्व्हिसिंगला देताना. तेव्हा त्याला जे बोललो ते इथे लिहवत नाही. दोन महिने तो माझ्यासोबत जेवायला बसला नाही. माझी आई 81 वर्षांची, ती रोज पहाटे 5 ला उठून त्याला चहा करून द्यायची आणि काही न विचारता शेजारी बसून राहायची. तो उभा राहिला तो आजीमुळे. मामींना सांगा, निकालाचा विषय जेवताना अजिबात काढू नका.

मांडवीची, आता न्यू जर्सी
इकडे उलटं आहे हो, इकडे कॉलेजचेच ग्रेड बघतात. मी हॉस्पिटलमध्ये होते त्या सेमिस्टरला लेक कॉलेज आणि मी असं दोन्ही बघत होती, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत डी आला. कोर्स परत घेऊन ए आणला, आम्हाला वाटलं जुना पुसला गेला, पण एमडीच्या (इकडे डॉक्टरची पहिली डिग्रीच ही) ॲप्लिकेशनमध्ये दोन्ही ग्रेड धरतात. वेळेत विथड्रॉ केलं असतं, म्हणजे कोर्स मध्येच सोडला असता, तर ग्रेडच्या जागी डब्ल्यू आला असता आणि तो जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत) धरत नाहीत, पण मीच तिला "मध्ये सोडू नकोस" म्हणाले होते, ते अजून टोचतं. नंतर तिने कमी क्रेडिट घेऊन दोन वर्षं ग्रेड चढते ठेवले, एक वर्ष थांबून एमकॅट, म्हणजे इकडची मेडिकलची प्रवेश परीक्षा, दिली. आता इंटरव्ह्यूची वाट बघतोय.

धागाकर्ता
सगळं तिला फोनवर वाचून दाखवलं. आजीचा भाग परत वाचायला लावला. रावपुऱ्याच्या ताई, ती विचारतेय, चुकांची वही रोज लिहायची का?

रावपुऱ्याची
टेस्ट झाली की त्याच संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी आपण काय विचार करून ते उत्तर दिलं होतं हेच आठवत नाही. आणि एटीकेटीचा फॉर्म आधी भर म्हणावं, शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नको, पैसे घरी मागून घे.