‘आर्क्टिक कप्तान’ आणि ‘मध्ययुगीन इतिहासकार’: विशेषण नेमके कोणाचे?

प्रश्न : मी एका चरित्रकोशासाठी दोन नोंदी लिहीत आहे. पहिली इंग्लंडमधल्या व्हिटबी बंदरातून देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या विल्यम स्कोर्सबी (१७८९–१८५७) यांची, तर दुसरी ‘तारीख-इ-फिरोजशाही’ लिहिणाऱ्या झियाउद्दीन बरनी यांची आहे. नावांपुढे अनुक्रमे ‘आर्क्टिक कप्तान’ आणि ‘मध्ययुगीन इतिहासकार’ असे लिहिले, तर ते बरोबर ठरेल का?

उत्तर : दुसऱ्या शब्दप्रयोगापासून सुरुवात करतो, कारण घोटाळा तिथेच अधिक होतो. मराठीत ‘मध्ययुगीन’ हे विशेषण सरळ पुढच्या नामाला चिकटते. त्यामुळे ‘मध्ययुगीन इतिहासकार’ म्हणजे मध्ययुगात होऊन गेलेला इतिहासकार, आणि बरनी यांना ते तंतोतंत लागू पडते. सतरा वर्षे मुहम्मद तुघलकाच्या सहवासात ‘नदीम’ (दरबारी सोबती) म्हणून राहिलेल्या, त्याच्या मृत्यूनंतर दरबारातून दूर फेकल्या गेलेल्या आणि उतारवयात, हलाखीत असताना, १३५७ च्या सुमारास ग्रंथ पुरा करणाऱ्या या माणसाचे युग आणि विषय जवळजवळ एकच होते. पण हेच शब्द ग. ह. खरे (१९०१–१९८५) यांच्या नावापुढे घातले, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात फार्सी कागद वाचत बसलेला विसाव्या शतकातला विद्वान एकदम तुघलकांच्या काळात जाऊन पडतो. तिथे ‘मध्ययुगीन इतिहासाचे अभ्यासक’ असेच लिहावे. एक शब्द वाढतो, तो वाढू द्यावा.

‘आर्क्टिक कप्तान’ मात्र मला पटत नाही. त्यातून कप्तान आर्क्टिकचा रहिवासी वाटतो. ‘आर्क्टिक समुद्रात जहाजे नेणारे कप्तान’ हे लांब असले तरी निर्मळ आहे.

दुसरे उत्तर : वरच्या मताशी सहमत आहे, पण ‘कप्तान’ हाच शब्द का, याबद्दल थोडे. आपल्या कोळीवाड्यांत रुळलेला ‘नाखवा’ हा फार्सी ‘नाखुदा’चा, म्हणजे नावेच्या धन्याचा, वंशज आहे, परंतु त्याला आपल्या किनाऱ्याचा इतका वास आहे की हिमखंडांमधून वाट काढणाऱ्या इंग्रज माणसाला तो शोभणार नाही. ‘तांडेल’चेही तसेच. ‘कर्णधार’ची गंमत निराळी आहे. संस्कृतात ‘कर्ण’ म्हणजे सुकाणूही, म्हणून तो धरणारा कर्णधार. मूळ अर्थाने स्कोर्सबी यांना हा शब्द चपखल बसला असता, पण क्रिकेटने तो असा काही बळकावला आहे की वाचक धावसंख्या शोधू लागेल. तेव्हा पोर्तुगीजांकडून आलेला ‘कप्तान’च बरा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आता आणखी एक अडचण. स्कोर्सबी दहाव्या-अकराव्या वर्षी वडिलांबरोबर प्रथम उत्तरेकडे गेले, १८०६ मध्ये त्यांच्याच जहाजावर ८१ अंश ३० मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचले, एकविसाव्या वर्षी स्वतः कप्तान झाले, १८२२ मध्ये ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याचा नकाशा तयार केला, आणि पुढे १८२५ मध्ये चर्चची दीक्षा घेऊन धर्मोपदेशक झाले. नोंदीच्या मथळ्यात काय लिहावे? शिवाय त्यांच्या वडिलांनी १८०७ मध्ये डोलकाठीच्या टोकाशी टेहळ्यासाठी पिंपासारखा आडोसा बसवला, त्याला इंग्रजीतल्या ‘क्रोज नेस्ट’प्रमाणे ‘कावळ्याचे घरटे’ म्हणावे का?

पहिले उत्तर देणारा : ‘कावळ्याचे घरटे’ नको, वाचक झाड शोधेल. ‘टेहळणीचे पिंप’ म्हणा, म्हणजे गोठवणाऱ्या वाऱ्यात छातीपर्यंत झाकून दुर्बीण डोळ्याला लावलेला माणूस दिसू लागतो. मथळ्यात ‘कप्तान व ध्रुवीय संशोधक’ एवढे पुरे. दीक्षेचा उल्लेख मजकुरात क्रमाने येऊ द्यावा, कारण १८२० चा दोन खंडांतला आर्क्टिकवरचा ग्रंथ त्यांनी कप्तान असतानाच लिहिला होता.

आणि बरनींच्या नोंदीत ‘बखरकार’ कटाक्षाने टाळा. बखर हा मराठी गद्याचा प्रकार आहे; बरनींचा ग्रंथ फार्सी ‘तारीख’ परंपरेतला आहे. आपल्याकडे ‘तारीख’ म्हणजे कॅलेंडरातला दिवस आणि तिचेच अनेकवचन ‘तवारीख’ म्हणजे इतिहास, अशी वाटणी झाल्याने ग्रंथाच्या नावाचा अर्थ कंसात ‘फिरोजशाहचा इतिहास’ असा द्यावा लागेल. मात्र तेवढ्यावर थांबू नका: कथन दिल्लीचा आधीचा सुलतान बल्बन याच्यापासून सुरू होते आणि अलाउद्दीनची देवगिरीवरची स्वारी, दिल्लीकरांची दौलताबादला झालेली रवानगी, हेही त्यात आहे. मराठी वाचकाला ती दोन नावे मिळाली की पुढचे तो स्वतःच वाचील.